लाल तार उजवी, पांढरी डावी

आवाजाच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात ते एवढंच: लाल तार उजवी, पांढरी डावी. बाकी सगळं हात काळे करत शिकायचं. मी नऊ वर्षं लोकांच्या दिवाणखान्यांत स्पीकर बसवले आणि हा एक नियम राज्यघटनेसारखा मानला. डावीकडं वाजवलेलं वाद्य डावीकडंच ऐकू आलं पाहिजे. ज्यानं ते वाजवलं त्याला दिलेला तो शब्द आहे, असं मी गिऱ्हाइकांना तावातावानं सांगायची. आणि एका दुपारी किराडपुऱ्यातल्या एका घरात, कुणालाही न विचारता, मी लाल तार पांढरीच्या जागी लावली आणि पांढरी लालच्या. ते बरोबर केलं की चूक, हे मला अजून कळलेलं नाही. लिहिता लिहिता कळेल अशी आशा होती. तीही आता फारशी नाही.

मी बजाजनगरात वाढले, आणि पत्रकांवर वाढले. अण्णा, म्हणजे माझे वडील, वाळूजच्या एका कारखान्यात फिटर होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. 'कामगार बंधूंनो, गाफील राहू नका!' हे मी मोठ्यानं वाचलेलं पहिलं वाक्य. शाळेत जायच्या आधी मी मुद्रितं तपासत होते असं अण्णा सांगतात. ती त्यांची अतिशयोक्ती आहे, पण फार नाही. त्यामुळं खोटं सहन न होणं आणि ते सहन होत नाही हे लगेच लिहून काढणं, या दोन्ही खोडी मला घरातूनच मिळाल्या. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला आणि उस्मानपुऱ्यातल्या पाठक सरांच्या दुकानात लागले, तेव्हा या खोडी बरोबर घेऊनच गेले.

ती दुष्काळाची वर्षं होती. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता आणि शहर मात्र चारी अंगांनी फुगत होतं. बीड बायपासच्या पलीकडं, जिथं कालपर्यंत ज्वारी होती, तिथं रो-हाउसच्या रांगा उठत होत्या. घरात पाणी नाही, पण दिवाणखान्यात थिएटर हवं. मी गेले की दार उघडणारा माझ्या मागं बघायचा. "तुमचा माणूस कुठाय?" मी पिशवीतून ड्रिल मशीन काढायची आणि म्हणायची, "हा काय."

सातारा परिसरातल्या एका ठेकेदाराच्या बंगल्यात वूफर घुमायचा. वूफर म्हणजे जाड, पोटात शिरणारा आवाज देणारा डबा. मी तो हलवला, फिरवला, दोनदा बदलून आणला, बनवणाऱ्यांच्या नावानं बोटं मोडली. तिसऱ्या खेपेला मी तिथं असतानाच टँकर आला. बाहेर पाइप लावला, आणि पाणी पडत गेलं तसतसा घुमारा कमी होत नाहीसा झाला. दिवाणखान्याच्या बरोबर खाली पाण्याचा हौद होता आणि तो महिनाभर कोरडा ठणठणीत पडलेला. आम्ही एका प्रचंड ढोलावर सोफा ठेवून बसलो होतो.

ठेकेदार म्हणाले, "म्हणजे म्याडम, गाणं ऐकायचं तर आधी टँकर बोलवायचा का?"

यंत्राला दोष देण्याआधी खाली वाकून बघावं, एवढं मी त्या हौदावरून शिकले असते, तर पुढचं रामायण घडलं नसतं.

आता थोडं सराउंडबद्दल, कारण त्याशिवाय माझा राग कळायचा नाही. साधं गाणं आपल्यापर्यंत दोन वाटांनी येतं, डावी आणि उजवी. सराउंडमध्ये पाच स्पीकर असतात, तीन पुढं, दोन मागं, आणि एक वूफर. ऐकणारा मधोमध. पण मेख अशी की गाणंही पाच वाटांसाठी नव्यानं बांधलेलं असावं लागतं. मूळ मुद्रणात प्रत्येक वाद्य वेगवेगळं धरून ठेवलेलं असेल, तरच ते जमतं. नसेल तर यंत्र अंदाजपंचे दोनाचे पाच करतं. दोघांच्या वरणात पाणी ओतून पाच जणांना वाढावं, तसं. पाठक सर गिऱ्हाइकासमोर एक बटण दाबायचे आणि म्हणायचे, "घ्या, थिएटर!" मी मागून म्हणायची, "हे खरं सराउंड नाही. हा यंत्राचा अंदाज आहे."

"अगं, तू दुकानात आहेस की मोर्चात?" सर विचारायचे. काढून मात्र कधी टाकलं नाही.

सरांची बहीण कॅनडात असते. भाऊ स्पीकर विकतो म्हणजे त्याला सगळं संगीत आवडत असणार, अशा समजुतीनं ती दर भेटीत तिकडच्या डिस्क पिशवी भरून आणायची. सर जुन्या भावगीतांपलीकडं जात नसत. त्यामुळं कॅनडाचं ते अख्खं फडताळ माझ्या वाट्याला आलं आणि डेमो रूमच्या बंद दाराआड मी त्या देशाच्या प्रेमात पडले. उत्तर टोकाकडच्या दोन बाया होत्या. समोरासमोर उभ्या राहून, एकमेकींचा श्वास झेलत, घशातून गातात. तो खेळच आहे, जी आधी हसेल ती हरली. आमच्या दोन स्पीकरांत मात्र त्या रेशनच्या रांगेत एकामागं एक उभ्या केल्यासारख्या वाटायच्या. ऐकणाऱ्याला त्यांच्या मधोमध बसवायला नको? समुद्रकाठचा एक म्हातारा होता, खुर्चीत बसून फिडल, म्हणजे तिकडचं व्हायोलिन, वाजवणारा आणि दोन्ही बुटांनी लाकडी फरशीवर ताल धरणारा. त्याचे पाय जमिनीतून यायला हवेत, ते फिडलच्या पोटात कोंबलेले. फ्रेंच बोलणाऱ्यांचं एक टोळकं होतं, ते एका रिकाम्या चर्चमध्ये गायलं होतं. त्यांचा आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत येतो, आणि तो परतणारा आवाजसुद्धा समोरूनच! मला हा सरळ अन्याय वाटायचा. या ध्वनिमुद्रिका पाच स्पीकरांसाठी पुन्हा निघाल्याच पाहिजेत, असं मी डेमो रूममध्ये येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. लोक ठीक आहे म्हणायचे आणि किंमत विचारायचे.

अशात एका सकाळी दुकानात कॅनडाहून फोन आला. बोलणारा पाचोडचा निघाला.

"ताई, मी अस्लम. माझ्या अब्बांकडं पाच स्पीकर बसवायचेत. नजीर मास्टर, किराडपुरा. पैसे मी इकडून पाठवतो. पण तुम्ही स्वतः जा आणि मी पोस्टानं पाठवतो ती डिस्क त्यांना ऐकवा. तिसरं गाणं. मी वाजवलंय त्यात, क्लॅरिनेट. अब्बा म्हणतात, तू त्यात नाहीसच."

"म्हणजे?"

"मोबाइलवर पाठवलं होतं. ऐकून म्हणाले, थापा मारतोस. तेव्हापासून फोन उचलत नाहीत. चार महिने झाले. ताई, मी आहे त्यात. तुम्ही एवढं ऐकवाच."

नजीर मास्टरांचा पाचोडला बँड होता. आठवडी बाजारापासून थेट पैठणपर्यंतच्या लग्नांत त्यांची क्लॅरिनेट वाजलेली. मग दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळल्या, लग्नं देवळापुढं चार माणसांत उरकू लागली, जी मोठी झाली तिथं डीजे आला. बँड मोडला. मास्टर शहरात आले आणि मुलगा, ज्याला त्यांनी हातात वाद्य देऊन तयार केला होता, तो परदेशात एका शीतगृहात माल चढवायला गेला. बापानं तेव्हा एवढंच म्हटलं होतं, "वाजवणं सोडलंस तर माझा कोणी नाहीस." मुलानं सोडलं नव्हतं. ज्या घराच्या तळघरात तो भाड्यानं राहायचा, तिथली मालकीण गायिका होती. खालून येणारी क्लॅरिनेट ऐकून तिनं त्याला वर बोलावलं आणि आपल्या डिस्कमध्ये घेतलं. ते तिसरं गाणं म्हणजे अस्लमचं बापाला उत्तर होतं. आणि ते उत्तर बापाला ऐकू येत नव्हतं.

मी गेले तेव्हा मास्टर दिवाणावर बसून कुणाच्या तरी क्लॅरिनेटच्या तोंडाची पत्ती घासत होते. शहरातले बँडवाले अजून वाद्य जुळवून घ्यायला, सूर तपासून घ्यायला त्यांच्याकडंच येतात. त्यांचा कान म्हणजे शेवटचा शब्द.

"इधर बैस बेटा," म्हणाले आणि उजव्या हाताची जागा थोपटली.

भिंतीला पाण्याचे तीन निळे ड्रम. दुसरी जागाच नव्हती, तेव्हा डावा स्पीकर मी एका ड्रमच्या झाकणावर ठेवला. मग चाचणी. एकेका स्पीकरमधून नुसती खरखर सोडायची आणि ऐकणाऱ्याला विचारायचं. मी प्रत्येक स्पीकरपाशी जाऊन उभी राहिले.

"मास्टर, इथून येतंय?"

"बराबर."

"इथून?"

"बराबर."

पाचही ठिकाणी बराबर. मग तिसरं गाणं लावलं. दोन गिटार, हलका ढोल, बाईचा भरडा, उन्हात वाळल्यासारखा आवाज. आणि डावीकडं, मागं सरकलेली, पण स्पष्ट क्लॅरिनेट. मी मास्टरांकडं पाहिलं. ते डोळे मिटून ऐकत होते.

"दुसऱ्या गिटारची वरची तार उतरलीय," ते म्हणाले. "बाई सुरात हाय. ढोलवाला घाई करतोय. क्लॅरिनेट हैच नहीं."

"आहे मास्टर. मला ऐकू येतेय."

त्यांनी डोळे उघडले. "म्या चाळीस वर्षं क्लॅरिनेट वाजवली. तू मला सांगती? त्यानंच शिकवून धाडली तुला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "झूठ मत बोल बेटा. शोभत नाय."

झूठ! मला! गिटारची ती तार मी तिथंच मोबाइलवरच्या सूर मोजणाऱ्या ॲपवर तपासली. खरंच उतरलेली होती, केसाएवढी, जी मला नऊ वर्षांच्या कानानं कळली नव्हती. असा कान असलेल्या माणसाला क्लॅरिनेट ऐकू येत नाही, म्हणजे दोष मुद्रणाचा. दोन वाटांत सगळं कोंबलंय, क्लॅरिनेट गिटारीखाली चिरडलीय. ती वेगळी काढून तिला स्वतःचा स्पीकर दिला की कोण नाही म्हणेल? माझ्या डोक्यात पत्रक सुरू झालं होतं.

ते मी त्याच आठवड्यात लिहिलं. आधी मराठीत, कारण मला राग मराठीत येतो, मग इंग्रजीत. त्यात घशातून गाणाऱ्या त्या बाया होत्या, बूट आपटणारा म्हातारा होता, चर्चमधलं टोळकं होतं आणि शेवटी अस्लमची गायिका. 'या कलावंतांच्या ध्वनिमुद्रिका पाच वाटांसाठी विनाविलंब पुन्हा काढा! वाजवणाऱ्याला त्याच्या हक्काची जागा द्या!' अण्णांनी चष्मा लावून वाचलं.

"तिसरी मागणी मिळमिळीत आहे," ते म्हणाले. "आणि मुदत कुठंय? मुदत दिल्याशिवाय कोण हलतं?"

"अण्णा, ती बाई कारखानदार नाही."

"मग तिला 'भगिनी' म्हण. पण मुदत घाल."

ज्या ज्या कलावंताचा पत्ता डिस्कच्या पाठीवर सापडला, त्याला ई-मेल गेला. पाठक सर म्हणाले, "दुकानाचं नाव नाही ना घातलंस?" घातलं होतं. नजीर मास्टरांना मी ते पत्रक जाऊन वाचून दाखवलं. त्यांनी उजवा तळवा गालाला टेकवून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "कॅनडावाले ऐकतील व्हय तुझं?" थट्टा होती की आशा, मला कळलं नाही. बोलता बोलता ते जुन्या दिवसांत गेले. वरातीत मास्टरनं कसं चालायचं ते दाखवलं. "मोठा ढोल नि ताशा मास्टरच्या डाव्या हाताला. कायम. उजवीकडं वाजवणाऱ्यांची समदी फळी, म्हंजी कुणाचा सूर हलला की लगेच कळतंय." मी ते वहीत टिपूनही घेतलं. नुसतं टिपून घेतलं.

उत्तर फक्त त्या गायिकेचं आलं, अस्लमच्या फोनवरून. आधी हसली म्हणे. "ताई, ती म्हणाली, तुझ्या त्या ताईला सांग, वेगळं काढायला काही नाहीच. आम्ही सगळे तिच्या स्वयंपाकघरात गोल उभे होतो, मधे दोन माइक. मी फ्रिजपाशी, एकदम डावीकडं. माझा आवाज डाव्याच माइकमध्ये आहे. पाच वाटा कशा करणार?"

माझं अख्खं पत्रक त्या फ्रिजपाशी कोसळलं. हे मास्टरांना सांगायला मी निघाले, कारण खरं सांगायचं असतं.

दार उघडंच होतं. मास्टर पाठमोरे बसून मोबाइलवर काहीतरी ऐकत होते. इअरफोनचं उजवं बोंडूक कानात. डावं छातीवर लोंबत होतं. जवळ गेले तेव्हा त्या लोंबणाऱ्या बोंडकातून बारीक, माशीच्या पंखाएवढी क्लॅरिनेट येत होती. तिसरं गाणं. चार महिने फोन न उचलणारा बाप ते गाणं ऐकत बसला होता, एकटा, आणि मुलगा त्याच्या सदऱ्यावर वाजत होता.

"मास्टर," मी डावीकडून हाक मारली. ते हलले नाहीत. पुन्हा मारली. मग मी उजवीकडं गेले आणि त्यांनी लगेच मान वळवली. "आलीस व्हय? बैस, बैस." उजवीकडची जागा थोपटली.

डाव्या हाताचा ढोल. चाळीस वर्षं. आणि मी चाचणीत प्रत्येक स्पीकरपाशी स्वतः जाऊन उभी राहिलेली! त्यांनी मला बघून बराबर म्हटलं होतं. डावीकडची ती मागं सरकलेली क्लॅरिनेट उजव्या कानापर्यंत पोचायच्या आत गिटारींत बुडत होती. ज्याच्याकडं शहरभरचे बँडवाले सूर तपासायला येतात, तो एका कानानं गेलाय हे तो कुणाला सांगणार? मला तरी का सांगावं?

मी काय काय करू शकले असते. विचारू शकले असते. नुसती त्यांची बैठक फिरवून पाठ स्पीकरकडं केली असती, तरी भागलं असतं, पण कारण काय सांगणार? मी उठले, "मशीन जरा बघते" म्हणाले, डिस्क बाहेर काढली, पुसली, परत घातली. यंत्राचा अंदाज बंद केला. आणि मागं हात घालून लाल तार पांढरीच्या जागी लावली, पांढरी लालच्या.

क्लॅरिनेट उजवीकडून आली.

मास्टरांची बोटं मांडीवर हलू लागली, भोकांवर पडावीत तशी. मुलाच्या बोटांबरोबर, मग एकदम त्याच्या आधी. दुसऱ्या कडव्यानंतर त्यांनी मांडीवर थाप मारली.

"इथं श्वास घ्यायचा नाय! कितीदा सांगितलं गधड्याला, सूर खाली ठेव, मग दम घे!" आणि माझ्याकडं वळून, ओले डोळे न पुसता, "नवीन काढली? तुझ्या कागदावरनं? ऐकलं त्या लोकांनी?"

मी म्हणाले, "हो."

आयुष्यात इतक्या छोट्या शब्दात इतकं मोठं खोटं मी कधी बोलले नव्हते. त्यांचं लक्ष मात्र फोनकडं होतं. तिकडं पहाट असणार. "ए अस्लम, दुसऱ्या कडव्यानंतर दम कोणाच्या बापानं घ्यायला सांगितला होता?" एवढंच मी ऐकलं. पलीकडून काय उत्तर आलं ते नाही ऐकलं. बाहेर येऊन मी पाण्याच्या ड्रमांनी भरलेल्या गल्लीत बराच वेळ गाडीला किल्ली न लावता उभी होते.

पुढच्या आठवड्यात ती गोष्ट शहरभर झाली. बँडवाले दुकानात येऊन मला बघून जाऊ लागले. "मास्टर म्हणतेत, पोरीच्या एका कागदानं कॅनडा हलला." अण्णांपर्यंत ते पोचलं आणि त्यांनी पत्रकाची प्रत भिंतीवर लावली. "बघ, मुदत घातली म्हणून!" माझ्याच्यानं ती भिंत बघवेना. पाठक सरांच्या बटणाला मी नऊ वर्षं खोटं म्हणत आले आणि मी त्याहून मोठं बटण दाबून बसले होते.

शेवटी मी गेले. मास्टरांनी नेहमीसारखी उजवीकडची जागा थोपटली. माझे पाय दिवाणाला वळसा घालून डावीकडं गेले आणि मी तिकडं, त्या गेलेल्या कानाच्या बाजूला बसले. हे मी ठरवलं होतं का? नव्हतं. की होतं? मला खरंच सांगता येत नाही.

मग मी सगळं सांगितलं. फ्रिज, दोन माइक, छातीवर लोंबणारं बोंडूक, उलट्या केलेल्या तारा. नवं काही आलेलं नाही, मी खोटं बोलले. आवाज चढवला नाही, मुद्दाम पाडलाही नाही. जसं बोलतो तसं. मास्टर समोर ड्रमवरच्या स्पीकरकडं बघत होते. मी थांबले तेव्हा त्यांनी माझ्याकडं न पाहता चहाची बशी पुढं सरकवली.

"बराबर," ते म्हणाले.

चाचणीच्या वेळीही ते पाचही वेळा हेच म्हणाले होते.